यूजर स्टोरीत तपशील किती हवा?

यूजर स्टोरी म्हणजे सॉफ्टवेअरने काय करावे याची, ते वापरणाऱ्याच्या बाजूने केलेली दोन-तीन ओळींची नोंद. खासगी बसची तिकिटे ऑनलाइन विकणाऱ्या एखाद्या कंपनीसाठी ती अशी असू शकते: 'तिकीट काढलेल्या प्रवाशाला ते रद्द करून पैसे परत मिळवता यावेत, म्हणजे बेत बदलला तरी सगळे भाडे बुडणार नाही.' वाचायला ही ओळ सोपी आहे, पण एवढ्यावर कोणताही प्रोग्रामर कोड लिहू शकणार नाही. गाडी सुटण्याच्या किती तास आधीपर्यंत तिकीट रद्द करता येईल? कपात किती? पैसे आले त्याच खात्यात परत जातील की कंपनीच्या वॉलेटमध्ये? चौघांच्या तिकिटातून दोघांचेच रद्द करायचे असेल तर? गाडी कंपनीनेच रद्द केली तर? यांतली किती उत्तरे स्टोरीत लिहून ठेवायची आणि किती बोलण्यावर सोडायची, हा अजाइल पद्धतीने काम करणाऱ्या प्रत्येक टीमपुढचा रोजचा प्रश्न आहे.

त्याची दोन टोकाची उत्तरे सर्रास ऐकू येतात. एक ओळ पुरे, बाकीचे बोलून ठरवू, हे एक. स्टोरी अशी हवी की वाचणाऱ्याला एकही प्रश्न पडू नये, हे दुसरे. पहिले उत्तर धरून चालणारी टीम स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याच्या, मध्यावर अडून बसते. दुसरे धरून चालले, की जुन्या काळचे शेकडो पानांचे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट तुकड्यातुकड्यांनी मागच्या दाराने परत येते. तपशील पुरेसा आहे की नाही हे ओळी मोजून कळत नाही. कोणता तपशील, केव्हा लिहिलेला आणि कोणासाठी, हे विचारले तर मात्र बऱ्यापैकी नेमके सांगता येते.

सगळे आधी लिहून काढावे, या आग्रहाची मुळे जुनी आहेत. विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या व्यवस्थापनावर 1970 साली लिहिलेल्या निबंधात रिक्वायरमेंट, डिझाइन, कोडिंग, टेस्टिंग असा पायरीपायरीने उतरणारा क्रम आकृतीत दाखवला. हा क्रम जसाच्या तसा राबवणे धोक्याचे आहे, असेही त्यांनी तिथेच म्हटले होते. लोकांनी आकृती लक्षात ठेवली आणि इशारा सोडून दिला. पुढे आयईईई या संस्थेने रिक्वायरमेंट कशा लिहाव्यात याचे 830 क्रमांकाचे मानकच काढले, आणि चांगले डॉक्युमेंट म्हणजे जाडजूड डॉक्युमेंट अशी समजूत अनेक कचेऱ्यांत रुजली.

ही वाट कुठे जाऊ शकते, हे अमेरिकेच्या एफबीआयच्या 'व्हर्च्युअल केस फाइल' प्रकल्पात दिसले. तपासाच्या कागदी फाइली संगणकावर आणण्याच्या या कामाच्या रिक्वायरमेंट 800 हून अधिक पानांत लिहिल्या होत्या. पडद्यावर कोणते बटण असावे इथपर्यंत त्या पोहोचल्या होत्या. प्रणालीने मुळात कोणते काम सोपे करायचे आहे, हे मात्र त्या मानाने धूसर राहिले होते. 2005 साली सुमारे 17 कोटी डॉलर खर्चून तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. दोष एकट्या कागदपत्रांचा नव्हता. अधिकारी वारंवार बदलले, वेळापत्रक अवास्तव होते, काम चालू असताना शेकडो बदल मागितले गेले. पण एवढी पाने लिहूनही ते बदल थांबले नाहीत, ही गोष्ट तपशिलाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या जागी आलेला 'सेंटिनल' प्रकल्पही रखडला, तेव्हा 2010 मध्ये एफबीआयने ते काम ठेकेदाराकडून आपल्या हातात घेतले, उरलेल्या मागण्या यूजर स्टोरींमध्ये मांडल्या आणि दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये काम सुरू केले. 2012 च्या जुलैत ती प्रणाली वापरात आली.

यूजर स्टोरी ही कल्पना त्याआधीची आहे, आणि तिचा उगम एका पगारपत्रकाच्या प्रकल्पात आहे. क्रायस्लर या मोटार कंपनीत कर्मचाऱ्यांच्या पगाराची नवी प्रणाली बांधण्याचे काम अडखळत चालले होते. 1996 मध्ये केंट बेक तिथे आले आणि त्यांनी कामाची पद्धतच बदलली. हीच पद्धत पुढे 'एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग' या नावाने ओळखली गेली. पगाराचे नियम ज्यांना ठाऊक आहेत असा ग्राहकाचा माणूस टीमजवळच बसायचा आणि हव्या असलेल्या गोष्टी साध्या इंडेक्स कार्डांवर थोडक्यात लिहिल्या जायच्या. कार्ड लहान होते ते मुद्दाम. त्यावर सगळे मावतच नाही, त्यामुळे प्रोग्रामरला उठून त्या माणसाकडे जाणे भाग पडते. ॲलिस्टर कोबर्न यांनी 1998 मध्ये हा प्रकल्प पाहिला आणि स्टोरी म्हणजे पुढे होणाऱ्या संभाषणाचे वचन, अशा अर्थाचे वर्णन केले. आजही ते वारंवार उद्धृत होते. त्याच प्रकल्पात प्रशिक्षक असलेल्या रॉन जेफ्रीज यांनी 2001 मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. कार्ड ही आठवण, संभाषणात तपशील ठरतो, आणि ठरले तसे झाले का हे चाचण्यांनी तपासले जाते.

तीन भागांच्या या मांडणीत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. तपशील कमी ठेवा, असे ती म्हणत नाही. तपशील कार्डावर नसेल तर तो दुसऱ्या दोन ठिकाणी असलाच पाहिजे, असे म्हणते. 'अजाइलमध्ये डॉक्युमेंटेशन नसते' हे वाक्य टाकून मोकळे होणारे लोक पहिला भाग उचलतात आणि उरलेले दोन विसरतात.

या पद्धतीची मर्यादाही क्रायस्लरमध्येच दिसली. नवी प्रणाली 1997 मध्ये सुमारे 10,000 कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली, पण त्यानंतर काही महिन्यांत ग्राहकाचे प्रतिनिधित्व करणारी व्यक्ती कामाच्या ताणाने बाहेर पडली आणि तिची जागा नीट भरली गेली नाही. 2000 साली प्रकल्प बंद झाला. बंद होण्याला इतरही कारणे होती. तरीही ज्या पद्धतीत निम्मे ज्ञान एका माणसाच्या बोलण्यात असते, तिथे तो माणूस गेला की कार्डावरची एक ओळ कोणालाच काही सांगत नाही, हे उघड आहे.

स्टोरी लिहिण्याचा सध्याचा साचा 2001 च्या सुमारास लंडनमधल्या कनेक्स्ट्रा या कंपनीत तयार झाला: अमुक भूमिकेतल्या माणसाला, अमुक करता यावे, म्हणजे अमुक फायदा होईल. कोण, काय आणि कशासाठी. आज हा साचा इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काहीही ओतले जाते. 'यूजर म्हणून मला सबमिट बटण हवे, म्हणजे मला सबमिट करता येईल' अशी वाक्ये बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ढिगाने सापडतात. यात माणूस नाही आणि कारणही नाही, फक्त व्याकरण आहे. साच्यात सर्वांत जास्त गाळला जाणारा भाग तिसरा, 'कशासाठी' हा, आणि नेमका तोच सर्वांत मोलाचा तपशील असतो. कारण माहीत असेल तर न लिहिलेल्या प्रश्नांची उत्तरे डेव्हलपर बऱ्याच वेळा स्वतः काढू शकतो. तिकीट रद्द करण्याची सोय प्रवाशाचा भरवसा वाढवण्यासाठी आहे असे कळले, तर परताव्याची रक्कम रद्द करण्याआधी दाखवायची की नंतर, हा प्रश्न कोणाला विचारावाच लागत नाही. रिकामी होणारी आसने लवकर पुन्हा विकता यावीत म्हणून ती सोय आहे असे कळले, तर लक्ष आसन तत्काळ मोकळे होण्याकडे जाईल. मागणी एकच, पण कारण बदलले की काम बदलते.

बिल वेक यांनी 2003 मध्ये चांगल्या स्टोरीचे सहा गुण सांगितले. ती इतर स्टोरींवर अवलंबून नसावी, तिच्यात बदलाला वाव असावा, ती कोणाच्या तरी उपयोगाची असावी, तिच्या कामाचा अंदाज बांधता यावा, ती लहान असावी आणि ती तपासता यावी. इंग्रजी आद्याक्षरांवरून या गुणांना 'इन्व्हेस्ट' म्हणतात आणि प्रशिक्षणवर्गांत ते पाठ करून घेतले जातात. पाठ करताना एक गोष्ट सुटते: हे गुण एकमेकांना उलट दिशांनी ओढतात. बदलाला वाव हवा तर कमी लिहावे लागते. अंदाज बांधता यावा आणि तपासता यावे तर जास्त लिहावे लागते. या ओढाताणीतून वाट काढतो तो पाचवा गुण, लहान असणे. स्टोरी लहान असली की थोडक्या शब्दांतही ती नेमकी होते. म्हणून एखाद्या स्टोरीत तपशील फार झाला असे वाटले, तर खोडरबर हाती घेण्याआधी ती एकच स्टोरी आहे का, हे पाहावे. तिकीट रद्द करण्याच्या स्टोरीखाली पंधरा अटी जमल्या, तर त्यातल्या निम्म्या बहुधा दुसऱ्या स्टोरीच्या असतात. पूर्ण तिकीट रद्द करणे ही एक स्टोरी. चौघांतल्या दोघांचे रद्द करणे ही दुसरी. कंपनीने गाडी रद्द केल्यावर सगळ्यांना पूर्ण परतावा देणे ही तिसरी, आणि तिच्यातला मुख्य माणूस प्रवासी नसून कंपनीचा ऑपरेशन्स मॅनेजर आहे. पहिली बांधून वापरात आणता येते, तोवर उरलेल्या दोन एका ओळीच्या राहिल्या तरी कोणाचे अडत नाही.

इथून वेळेचा मुद्दा निघतो. बॅकलॉगमधल्या सगळ्या स्टोरींना सारखाच तपशील देणे ही सर्वांत महाग पडणारी सवय आहे. सहा महिन्यांनी करायच्या कामावर आज लिहिलेल्या दोन पानांतले पुष्कळसे तोपर्यंत शिळे होते: कपातीचे दर बदलतात, पेमेंट कंपनी बदलते, कधी ती सोयच नको असे ठरते. लिहायला लागलेला वेळ वाया जातो हे एक. त्याहून वाईट म्हणजे लिहिलेले आहे म्हणून ते खरे धरले जाते. दूरच्या कामाची नुसती एक ओळ, म्हणजे एपिक, पुरते. पुढच्या दोन-तीन स्प्रिंटमध्ये येणाऱ्या कामाचे तुकडे पाडून ठेवावेत. येत्या स्प्रिंटमध्ये घ्यायच्या स्टोरीत नियम आणि उदाहरणे असावीत. काही बारीक गोष्टी तर काम चालू असताना, पडदा समोर दिसू लागल्यावरच ठरवणे शहाणपणाचे.

हे काम बहुतेक ठिकाणी ग्रूमिंग किंवा रिफाइनमेंटच्या बैठकीत होते. स्क्रम या अजाइल पद्धतीच्या 'स्क्रम गाइड'च्या आधीच्या आवृत्त्यांत त्यासाठी टीमच्या वेळेच्या साधारण 10 टक्क्यांहून अधिक वेळ जाऊ नये असे म्हटले होते. 2020 च्या आवृत्तीत तो आकडा नाही. त्या गाइडमध्ये यूजर स्टोरी हा प्रकारच सांगितलेला नाही, बॅकलॉगमधल्या 'आयटम'बद्दल ते बोलते, हे ऐकून स्क्रममध्ये दहा वर्षे काढलेल्यांनाही नवल वाटते. 'डेफिनिशन ऑफ रेडी' हीसुद्धा त्या गाइडची देणगी नाही. स्टोरी स्प्रिंटमध्ये घेण्याइतकी तयार आहे का, हे तपासण्याची ही यादी चांगल्या हेतूने सुरू होते. मग एकेक रकाना वाढत जातो, आणि रकाने भरल्याशिवाय टीम स्टोरीला हात लावत नाही. अशा ठिकाणी तपशील समजण्यासाठी लिहिला जात नाही, फाटक ओलांडण्यासाठी लिहिला जातो.

आता तपशिलाच्या जातीकडे यावे लागते, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. स्टोरीत दोन प्रकारचा तपशील येतो. एक व्यवहाराचा: नियम, रक्कम, मुदत, अपवाद, कोणाला परवानगी आहे आणि कोणाला नाही. दुसरा बांधणीचा: टेबलमध्ये कोणता कॉलम, बटणाचा रंग कोणता, ड्रॉपडाउन की रेडिओ बटण, कोणती सर्व्हिस कोणाला बोलावणार. पहिला तपशील डेव्हलपर डोक्याने काढू शकत नाही. कपात 10 टक्के की 15, हे हुशारीने कळत नाही, ते सांगावेच लागते. दुसरा तपशील मात्र टीमला स्टोरी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतो. दुर्दैवाने प्रत्यक्षातल्या अनेक स्टोरी याच्या उलट असतात. बटण कुठे हवे ते पिक्सेलपर्यंत लिहिलेले असते आणि कपातीचा दर 'पॉलिसीप्रमाणे' या एका शब्दात गुंडाळलेला असतो. पडदा डोळ्यांसमोर आणणे सोपे, नियम खणून काढणे कष्टाचे, एवढेच त्याचे कारण.

नियम लिहिण्याची जागा म्हणजे ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, आणि ते लिहिण्याची सर्वांत चांगली रीत म्हणजे आकड्यांसकट उदाहरण. आपल्या कल्पित बसकंपनीचा नियम असा धरू: गाडी सुटण्याआधी 24 तासांहून जास्त वेळ असेल तर 10 टक्के कपात, 24 ते 4 तासांत 50 टक्के, त्यानंतर परतावा नाही. हे वाक्य पूर्ण वाटते. आता उदाहरण घालू: भाडे 455 रुपये, तिकीट 30 तास आधी रद्द केले. कपात 45 रुपये 50 पैसे, परतावा 409 रुपये 50 पैसे. लगेच प्रश्न येतो, पैसे पूर्ण रुपयात करायचे का, आणि करायचे तर वर की खाली? दुसरे उदाहरण: बरोबर 24 तास आधी रद्द केले. 10 टक्के की 50? तिसरे: गाडी दोन तास उशिरा सुटणार आहे. तास मोजायचे ते वेळापत्रकातल्या वेळेपासून की नव्या वेळेपासून? चौथे उदाहरण खास इथले आहे. गाडी बोरिवलीहून रात्री 8 वाजता कोल्हापूरला निघते आणि प्रवासी मध्यरात्रीनंतर पुण्यात वाकडला चढणार आहे. त्याचे 24 तास बोरिवलीपासून मोजायचे की वाकडपासून? या एका प्रश्नावर हजारो परताव्यांची रक्कम अवलंबून असू शकते, आणि नियमाचे वाक्य कितीही वेळा वाचले तरी तो सुचत नाही. उदाहरण मांडले की सुचतो.

उदाहरणांतून तपशील काढण्याच्या या रीतीला आता चांगली शिस्त आलेली आहे. डॅन नॉर्थ यांनी 2003 नंतर मांडलेल्या 'बिहेविअर ड्रिव्हन डेव्हलपमेंट'मध्ये प्रत्येक उदाहरण तीन भागांत लिहितात: आधीची परिस्थिती, घडणारी गोष्ट, अपेक्षित परिणाम. कुकंबर या साधनात हीच वाक्ये संगणकाला चालवता येतील अशा रूपात लिहिली जातात. त्यासाठीच्या गर्किन या लेखनपद्धतीत इतर अनेक भाषांबरोबर मराठी शब्दही वापरता येतात, जरी तसे करणारी टीम विरळाच. मॅट विन यांनी 2015 मध्ये सांगितलेली 'एक्झाम्पल मॅपिंग' ही रीत त्याहून साधी आहे. पिवळ्या कार्डावर स्टोरी, निळ्यांवर नियम, हिरव्यांवर उदाहरणे, लाल कार्डांवर उत्तर न मिळालेले प्रश्न. व्यवहार जाणणारा, डेव्हलपर आणि टेस्टर असे तिघे अर्धा तास बसतात. टेबलावर लाल कार्डे जास्त दिसली, तर स्टोरी अजून घेण्यासारखी नाही. निळी जास्त दिसली, तर ती मोठी आहे, फोडावी. एका निळ्याखाली हिरव्यांची रांग लागली, तर त्या नियमाच्या पोटात आणखी नियम लपलेले आहेत. रंग पाहून तपशिलाचा अंदाज येतो, लांबलचक चर्चेची गरज पडत नाही.

काही तपशील स्टोरीत लिहूच नये, कारण तो सगळ्याच स्टोरींना लागू असतो. पान किती सेकंदांत उघडावे, पासवर्ड कसा साठवावा, अंध व्यक्तींच्या स्क्रीन रीडरवर पडदा वाचता यावा, कोडची तपासणी दुसऱ्याने केलेली असावी, या गोष्टी 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये, म्हणजे काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे याच्या यादीत, एकदा लिहून ठेवल्या की पुरते. दर स्टोरीखाली चिकटवलेला तोच परिच्छेद तिसऱ्या वेळेपासून कोणी वाचत नाही. आणि नवी अट खरोखर आली, तर ती त्या न वाचल्या जाणाऱ्या परिच्छेदातच हरवते. पडद्याचे रेखाचित्र, पेमेंट कंपनीचे तांत्रिक डॉक्युमेंट, कायद्याचा मजकूर यांचे दुवे द्यावेत. त्यांची नक्कल स्टोरीत डकवली की मूळ बदलते आणि नक्कल तशीच राहते.

दोन टीमच्या किंवा दोन कंपन्यांच्या सीमेवरचा तपशील मात्र कसोशीने लिहावा लागतो. माहिती कोणत्या एककात, कोणत्या रूपात, कोणत्या क्रमाने द्यायची, हे बोलण्यावर सोडून चालत नाही. आणि लिहून थांबूनही चालत नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरच्या एका सॉफ्टवेअरने आवेगाची आकडेवारी पाउंड-सेकंद या एककात दिली होती आणि ती घेणाऱ्या सॉफ्टवेअरने न्यूटन-सेकंद धरली होती. दोन्ही सॉफ्टवेअरमधल्या देवघेवीच्या लिखित तपशिलात मेट्रिक एककेच वापरावीत असे सांगितलेले होते. कमी पडली ती जेफ्रीज यांच्या यादीतली तिसरी गोष्ट, खातरजमा.

तपशील कोणासाठी, हा प्रश्न महाराष्ट्रातल्या वाचकांना जवळचा आहे. क्रायस्लरच्या टीममध्ये ग्राहक हाकेच्या अंतरावर होता. हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या टीमचा ग्राहक पुष्कळदा न्यू जर्सीत असतो, आणि दोन घड्याळांत हिवाळ्यात साडेदहा तासांचे, उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते. सकाळी अकराला पडलेल्या साध्या प्रश्नाचे उत्तर संध्याकाळी मिळते, आणि त्यात उपप्रश्न निघाला तर एक दिवस गेला. कॅलिफोर्नियातला ग्राहक असेल तर दोघांच्या कामाच्या वेळा जवळपास जुळतच नाहीत. अशा टीमने एका ओळीच्या स्टोरीवर भिस्त ठेवणे म्हणजे पुस्तकी अजाइलपणा झाला. अंतर वाढले की लेखी तपशील वाढणारच, त्यात कमीपणा काही नाही. फक्त तो पडद्यांचा न होता नियमांचा आणि उदाहरणांचा वाढावा. रोजचा एखादा सामाईक तास ठरवून त्यात लाल कार्डे मिटवणे, आणि कॉलवर ठरलेले तेव्हाच स्टोरीत दोन ओळींत टिपून ठेवणे, या दोन सवयींनी बराचसा भार हलका होतो. कॉलमध्ये ठरलेले 'सगळ्यांना माहीत आहे' ही समजूत पुढच्या सुट्टीपर्यंतच टिकते.

सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांत तपशील वाढण्याला आणखी एक कारण असते, ते सहसा उघड बोलले जात नाही. करार ठरावीक रकमेचा असेल तर स्टोरीत जे लिहिलेले नाही ते 'सीआर', म्हणजे वाढीव पैशाचे काम. मग ग्राहक सगळे काही आधीच लिहून मागतो, आणि टीमही आपल्यावर शेकू नये म्हणून प्रत्येक गृहीतक नोंदवून ठेवते. हा तपशील समजुतीसाठी नसतो, पुराव्यासाठी असतो. पुरावा लागणे हा व्यवहाराचा भाग आहे, त्याला नाक मुरडून उपयोग नाही. पण त्याची जागा करार आणि त्याची परिशिष्टे ही आहे. एकाच मजकुराला पुरावाही व्हायला लावले आणि कामाची सूचनाही, की भाषा वकिली होते आणि डेव्हलपर ती वाचायचे टाळतो.

वैद्यकीय उपकरणे, बँका, विमाने अशा क्षेत्रांत लेखी रिक्वायरमेंट ऐच्छिक नसतात. वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरसाठी असलेले आयईसी 62304 हे मानक रिक्वायरमेंट नोंदवाव्यात आणि त्या तपासल्याचे दाखवता यावे, असे सांगते. तिथेही स्टोरी लहान ठेवता येते. प्रत्येक स्टोरीला तिच्या चाचण्या आणि संबंधित कलम जोडलेले असले की झाले.

स्टोरीत तपशील पुरेसा आहे का, हे ओळखण्याच्या काही खुणा कामाच्या ओघात आपोआप दिसतात. टेस्टरला स्टोरी वाचून चाचण्यांची यादी करता येत नसेल, तर नियम कमी पडले आहेत. जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या 'प्लॅनिंग पोकर'मध्ये सगळे जण एकाच वेळी आपापला अंदाज दाखवतात; तिथे एकाने 3 आणि दुसऱ्याने 13 दाखवला, तर दोघांच्या मनात दोन वेगळ्या स्टोरी आहेत. असे झाले की सरासरी काढू नये, विचारावे. तेरा दाखवणाऱ्याला बहुधा वाकडचा प्रवासी आठवलेला असतो. कोणालाच अंदाज बांधता येत नसेल आणि कारण तांत्रिक असेल, तर जास्त लिहून काही साधत नाही. एक-दोन दिवसांचा 'स्पाइक' घेऊन करून पाहावे लागते. उलट खूणही आहे. रिफाइनमेंटमध्ये कोणीच प्रश्न विचारत नसेल, तर स्टोरी परिपूर्ण असण्यापेक्षा ती कोणी वाचलेली नसण्याची शक्यता अधिक. जिरासारख्या साधनांतल्या वर्णनाच्या चौकटीला इंडेक्स कार्डासारखी कड नसते. तिथे हात आखडता घेण्याची आठवण करून देणारे काही नाही, ते लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.

काम संपल्यावर त्या तपशिलाचे काय होते, हेही सुरुवातीलाच ठरवलेले बरे. कार्डांच्या काळात संपलेले कार्ड फाडून टाकले तरी चालत असे, कारण नियम कोडमध्ये आणि चाचण्यांमध्ये उतरलेला असे. आता स्टोरी 'डन' होऊन वर्षानुवर्षे सर्चमध्ये सापडत राहते, आणि नवा माणूस तिलाच डॉक्युमेंट समजतो. आपल्या उदाहरणात मूळ स्टोरी 10 टक्के कपात सांगेल, वर्षभराने आलेली दुसरी 15 टक्के सांगेल, सणासुदीच्या दिवसांसाठी लिहिलेली तिसरी आणखी काही सांगेल, आणि तिन्ही आपापल्या तारखेला खऱ्या असतील. आजचा नियम एका ठिकाणी हवा असेल, तर ती जागा म्हणजे चालू चाचण्या, आणि ग्राहकसेवा केंद्रातल्या माणसासाठी मदतीचे पान. कपात बदलणारी स्टोरी या दोन्ही गोष्टी बदलल्याशिवाय 'डन' मध्ये सरकवू नये.